डाव्या बुटाचा चिखल

"राहू दे गं तो चिखल. परत त्याच्यातच तर जायचंय."

दादाचा हा आवाज घड्याळवाल्याच्या कानात सव्वीस वर्षं मुक्कामाला होता. आघाडीवरून चार दिवसांच्या सुट्टीवर आलेला दादा उंबऱ्यावर बसून बुटांचे बंद सोडत होता. वहिनी ओलं फडकं घेऊन वाकली होती, आणि दादानं हसत तिचा हात बाजूला सारला होता. जाताना तो नवे बूट घालून गेला. जुने पुढच्या खेपेला नेईन म्हणाला. पुढची खेप काही आली नाही. बूट दाराजवळच्या फळीवर राहिले, चिखलासकट. वहिनी रोज फळी पुसायची, बुटांच्या भोवतीनं पुसायची, पण बुटांना कधी फडकं लावायची नाही.

घड्याळवाला म्हणजे तिचा धाकटा दीर. लग्न केलं नाही. खाली दुकान, मागे एक खोली, आणि दोन वेळचं जेवण वर वहिनीकडे. किल्लीची घड्याळं लोकांच्या मनगटावरून उतरली तसे त्याचे हात रिकामे झाले. त्या रिकाम्या हातांवर एक दिवस जनरलची नजर पडली. जनरल म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. आयुष्यात कधी बंदूक धरली नव्हती, पण दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मोठ्या टेबलावर पुठ्ठ्याची गावं मांडून फाशांनी लढाया करायचे, आणि हरायला लागले की फासे बदलून मागायचे.

"अहो, या हातांना स्क्रू कसले देताय? सैन्य द्या!" म्हणत त्यांनी काउंटरवर डबाच ठेवला. आत बोटाच्या दोन पेरांएवढे प्लास्टिकचे चाळीस शिपाई, करडे, बिनचेहऱ्याचे.

घड्याळवाल्यानं डोळ्याला भिंग लावलं ते लावलंच. आधी अस्तराचा रंग, मग गणवेशाचा. मग काळपट पातळ रंगाचं पाणी, ते आपणहून कापडाच्या चुण्यांत जाऊन बसायचं. मग जवळजवळ कोरडा ब्रश नुसता वरून फिरवायचा, की कडा उजळायच्या. चाळीस शिपायांना चाळीस चेहरे आले. पण जनरलच्या या खेळाचे सामने झाले त्या दिवशी पाहुण्या क्लबातल्या एकानं एक शिपाई उचलून नाकासमोर धरला आणि म्हणाला, "छान आहेत हो. पण हे लढाईला निघालेत की लग्नाला?"

सगळी खोली हसली. जनरलसुद्धा.

तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला. रंगवणं सोपं, मळवणं अवघड. गंज जमला, धूर जमला, खांद्यावर पट्टा घासून विटलेलं कापड जमलं. चिखल जमेना. बाजारातली भुकटी आणली, ती गोळ्या-चॉकलेटांसारखी तपकिरी. आघाडीवरचा चिखल असा नसतो. तो राखाडी असतो, वाळला की पिवळट होतो, आणि उन्हात धरला तर त्यात कणभर काहीतरी चमकतं. त्याला हे पक्कं माहीत होतं, कारण तो चिखल जिन्याच्या वरच्या टोकाला फळीवर ठेवलेला होता.

पहिल्यांदा त्यानं चिमूटभरच घेतला. वहिनी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. घड्याळाच्या पेचकसानं टाचेखालचा पापुद्रा काढला, कागदाच्या पुडीत बांधला. खाली येऊन खलबत्त्यात कुटला, डिंकात कालवला आणि एका शिपायाच्या पायांना लावला. शिपाई जिवंत झाला. दुरून चालत आलेला, दमलेला, अजून बरंच चालायचं असलेला.

मग उरलेल्या एकोणचाळीस जणांनी काय घोडं मारलं होतं? टाच झाली, तळवा झाला, बाजू झाली. डाव्या बुटाच्या आतल्या अंगाला एक जाड ढेकूळ होतं. त्यात बोटाचं टोक बसेल एवढा गुळगुळीत खळगा होता. कधी खडा निखळला असेल, असं त्याला वाटलं. त्यानं तेही कुटलं.

शेवटचा शिपाई वाळत ठेवून तो जेवायला वर गेला, तेव्हा फळीवरचा डावा बूट नागडा दिसत होता. तो भात नुसता चिवडत बसला. वहिनी म्हणाली, "भावजी, आमटी बिघडलीय का?" तो म्हणाला, "छे, छान झालीय," आणि ताटातच बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी वहिनी बँकेत गेली होती, तेवढ्यात त्यानं बूट खाली आणला. तीच बाजारची तपकिरी भुकटी, तिच्यात करडा रंग, थोडा पिवळा, आणि चमक यावी म्हणून जुन्या डायलचा कीस. थरावर थर चढवले, सुईनं भेगा पाडल्या. उजव्या बुटाशेजारी ठेवला तर त्याला स्वतःलाच ओळखू येईना. आयुष्यातलं सगळ्यांत सरस काम त्यानं त्या बुटावर केलं होतं, आणि ते कोणाला दाखवायची सोय नव्हती.

पुढच्या सामन्यांत त्याच्या सैन्याला रंगकामाचा चषक मिळाला. तोच पाहुणा गुडघ्यावर बसून टेबलाच्या पातळीला डोळे लावून म्हणाला, "हा चिखल कुठून आणला, राव?" घड्याळवाला हसला, आणि हसता हसता मेल्याहून मेल्यासारखा झाला.

महिनाभरानं पुतणी, दादाची लेक, आपल्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. वहिनीला कोण आनंद! नातीला कडेवर घेऊन ती थेट फळीपाशी गेली. "ये, तुला गंमत दाखवते. तुझी आई एवढीशी होती ना, तेव्हा आजोबांच्या बुटावरच्या ओलसर चिखलात तिनं बोट खुपसलं होतं. हे बघ, इथं…"

वहिनी थांबली. बूट फिरवला, पुन्हा फिरवला, चष्मा पुसला.

"इथंच होता खळगा. आतल्या बाजूला."

घड्याळवाला जेवत होता. त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला.

"आई, असं काही कधी नव्हतं बहुतेक," पुतणी हळूच म्हणाली. "मला तर आठवत नाही."

"तुला कसं आठवेल, तू दीड वर्षाची! मी रोज बघते. तू शाळेत गेलीस की बघायची, तू सासरी गेलीस त्या दिवशी बघितला…" ती दिराकडे वळली. "भावजी, तुम्ही तरी सांगा. होता ना?"

'होता', एवढंच तर म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि आतून भलतंच बाहेर आलं.

"माझ्या काही लक्षात नाही, वहिनी."

वहिनीनं बूट अलगद जागेवर ठेवला. "मग मीच मनानं रचलं असेल," म्हणाली.

त्या दिवसापासून तिचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. आमटी ढवळता ढवळता विचारायची, "मीठ घातलं का हो मी?" दाराला कुलूप लावून अर्ध्या जिन्यावरून परत फिरायची. पुतणीनं डॉक्टरांची वेळ घेतली, विसरायच्या आजाराच्या डॉक्टरांची. वहिनी वहीच्या कागदावर वार, तारीख, घरचा पत्ता लिहून पाठ करायला लागली, परीक्षेला बसल्यासारखी. खाली दुकानात घड्याळवाल्याला तिचा आवाज ऐकू यायचा, "आज मंगळवार… आज मंगळवार…" भिंग डोळ्याला लावून तो समोरचं काहीच बघत नसायचा.

डॉक्टरांकडे जायचा दिवस उजाडला. पुतणी रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेली. वहिनी बाहेर जायची साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन, फळीसमोरच्या खुर्चीत बसली होती. घड्याळवाला डबा घेऊन वर आला. झाकण काढून त्यानं डबा तिच्या मांडीवरच्या पिशवीवर ठेवला. आत कापसावर चाळीस शिपाई पालथे-उताणे.

"हे काय? तुमची ती खेळणी?" वहिनी ओढूनताणून हसली. "बक्षीस मिळालेली ना? आठवतंय बरं मला."

तिनं एक उचलला. खिडकीच्या उजेडात धरला. शिपायाच्या पायांशी कणभर काहीतरी चमकलं. वहिनीचं हसू तसंच राहिलं, आणि डोळे हळूहळू फळीकडे वळले.

खालून रिक्षाचा हॉर्न वाजला. पुतणीनं हाक मारली, "आई, चल गं!"

घड्याळवाला खुर्चीजवळच्या उंबऱ्यावर बसला, दादा बसायचा तसा.

"होता, वहिनी. खळगा होता, तुम्ही म्हणता तिथंच, डाव्या बुटाला, आतल्या अंगाला. मी माझ्या हातानं तो कुटला."