नवऱ्याचा वेग

खोदाईचं काम मागे पडलं, तेव्हा मशिनचं काम मोजायला साहेबांनी नेमकं तिलाच धाडलं. ती साइटवरची इंजिनिअर आणि खोदाईच्या मशिनवर बसणारा तिचा नवरा.

"दुसरं कुणी नाही का?"

"घरचाच माणूस आहे, ऐकेल तुमचं," साहेब म्हणाले. साहेबांचं लग्न झालेलं नव्हतं.

ती स्टॉपवॉच घेऊन उभी राहिली मात्र, नवऱ्याच्या अंगात आलं. बकेट मातीत जेमतेम बुडवायची, गर्रकन फिरवायची, डंपरमध्ये रिकामी करायची. घड्याळात आकडे झकास. डंपर मात्र अर्धाच भरून निघाला.

"बकेट भरून घे ना!" ती ओरडली.

"मॅडम, वेग मोजताय की माती?"

"दोन्ही!"

झालं, स्वारी रुसली. आता बकेट काठोकाठ, पण इतकी सावकाश, जणू झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवतोय. मागे डंपरची रांग लागली. तिने कपाळावर हात मारला.

जेवणाच्या सुट्टीत ती रागारागाने भोवती फिरली, तेव्हा कुठे तिचं लक्ष मशिनवरून उडून जागेकडे गेलं. डंपर मशिनच्या पार पाठीमागे लागत होता. प्रत्येक बकेटला नवरा अर्धं वर्तुळ फिरायचा आणि तेवढंच परत यायचा. डंपर खालच्या अंगाला, बाजूला लावला तर पाव वळणात भागलं असतं.

"पाठीमागे कशाला लावता?" तिने विचारलं.

"तिथे झाड आहे," म्हातारे डंपरवाले काका म्हणाले. "सावली असते."

ती नवऱ्याकडे वळली. "आणि तू मुकाट गरगर फिरतोयस?"

"त्यांना ऊन सोसत नाही. मागे चक्कर येऊन पडले होते. घरी सांगितलं होतं तुला. तू 'हं' म्हणालीस."

तिचा संताप दुप्पट झाला, कारण आता तो काढायला कुणी उरलं नव्हतं.

तिने खालच्या जागेशेजारी ताडपत्रीचा मांडव घालून घेतला. गाडी भरेपर्यंत काकांनी तिथे बसायचं.

"खाली लावला की धूळ माझ्या केबिनमध्ये," नवरा म्हणाला.

"काच लाव!"

"बसत नाही ती. कधीचा सांगतोय."

तिने मेकॅनिकला अक्षरशः हाताला धरून आणलं आणि काच बसवून घेतली.

दुपारनंतर बकेटही भरत होती आणि हातही झरझर चालत होता. रांग संपली. साहेब येऊन बघतच राहिले. "काय जादू केलीत?"

"जादू कसली, साहेब," नवरा केबिनमधून उतरत म्हणाला, "मीच हिला म्हटलं, डंपर बाजूला लावून बघू."

साहेबांनी त्याची पाठ थोपटली. तिने स्टॉपवॉच खिशात कोंबलं.

घरी जाताना स्कूटर ती चालवत होती. तो मागे बसून कुठे वळायचं, कधी ब्रेक दाबायचा ते सांगत होता. चौकाच्या अलीकडे तिने गाडी थांबवली.

"उतर. चालत ये."

तो हसत उतरला. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.