साहेबांचा रंग

मागच्या वर्षीच्या हस्तकला प्रदर्शनात काकूंनी गालिच्यावर काढलेल्या कुत्र्याला ताई बटाटा म्हणाल्या. वाईट हेतूने नव्हे. "बटाटा छान जमलाय," असं त्यांनी मनापासून सांगितलं आणि वर "डोळेसुद्धा काढलेत" अशी दादही दिली. ताई म्हणजे काकूंच्या थोरल्या नणंद, निवृत्त मुख्याध्यापिका आणि प्रदर्शनाच्या परीक्षक. त्यांना माइक लागत नाही. त्यामुळे वाचनालयाच्या हॉलमध्ये जेवढे लोक होते तेवढ्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने दारातच विचारलं, "काकू, बटाट्याला नंबर आला का?"

यंदा काकूंना नंबर नको होता. यंदाही कुत्राच काढायचा आणि तो कुत्रा आहे हे ताईंच्या तोंडून वदवून घ्यायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

कुत्रा घरातलाच. उशिरा उठतो, कोणावर भुंकत नाही आणि बसलेली जागा सोडत नाही, म्हणून त्याचं नाव साहेब पडलं आणि नावामागून मानही आला. घरात त्यांच्याविषयी 'साहेब उठले', 'साहेब जेवले' असंच बोललं जातं. ते आल्यापासून ताईंनी मात्र या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. कुत्रा जवळपास असला की त्यांना शिंका लागतात, एकदम तीन. भावाकडे आल्या तरी त्या चहा बाहेर पायरीवर घेतात.

"ज्यांनी कुत्रा कधी जवळून बघितला नाही, त्या परीक्षक," काकू म्हणायच्या. पण चूक आपलीही होती हे त्यांनी मान्य केलं होतं. आकार बरोबर होता, रंग चुकला होता. मागच्या वर्षीचा कुत्रा एका जुन्या ब्लँकेटचा होता आणि ते ब्लँकेट खरोखरच बटाट्याच्या रंगाचं होतं.

काकूंचे गालिचे लोकरी कापडाच्या पट्ट्यांचे असतात. लाकडी चौकटीवर ताणलेलं गोणपाट, त्यावर कोळशाने काढलेलं चित्र आणि हातात मुठीचा आकडा. पट्टी गोणपाटाच्या खाली धरायची, आकडा वरून खुपसायचा आणि पट्टीचं एक छोटं वेटोळं वर ओढायचं. असं हजारो वेळा केलं की गालिचा होतो. कापड विकत आणायचं नाही. घरातले जुने कोट, स्कर्ट, शाली कापायच्या. म्हणजे रंग शोधायचा तो कपाटात, आणि कपाटात नाही मिळाला तर माणसांच्या अंगावर. काकूंची नजर ज्या कपड्यावर जरा जास्त रेंगाळते तो कपडा घरचे लोक लपवून ठेवतात.

आणखी एक नियम आहे. कापड आधी कडकडीत पाण्यात धुवायचं, म्हणजे वीण आटून घट्ट होते आणि पट्टीचे धागे सुटत नाहीत. धुऊन वाळवल्याशिवाय काकू कोणतंही कापड निवडीला घेत नाहीत. हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

निवड बाहेरच्या खोलीत चालली होती. खिडकीखाली जमिनीवर कापडांचे तुकडे पसरलेले, मधोमध नमुना म्हणून साहेब बसवलेले. ये-जा करायला भिंतीलगत एक पाऊलवाट ठेवली होती. काकू स्टुलावर उभ्या राहून डोळे अर्धवट मिटून खाली बघत होत्या. असं बघितलं की कापड दिसत नाही, नुसता रंग दिसतो.

"हा माझा स्कर्ट बघ," लेक म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि सुट्टीच्या दिवशी आईच्या रंगांना मत देते.

"यात साहेब विटेसारखे दिसतील."

"बटाट्यापेक्षा वीट बरी."

"तू गप्प बस. ती शाल सरकव इकडे. नको, राहू दे. कावीळ झाल्यासारखे दिसतायत."

कोपऱ्यातल्या टेबलावरून, डोळ्याला भिंग लावलेले घड्याळजी म्हणाले, "मला विचाराल तर..."

"तुम्हाला कोणी विचारलं नाहीये," दोघी एकदम म्हणाल्या.

घड्याळजी हे काकूंचे यजमान. लोकांची मनगटी घड्याळं ते घरीच दुरुस्त करतात आणि केसाएवढी स्प्रिंग नुसत्या डोळ्यांनी ओळखतात. रंगांच्या बाबतीत मात्र त्यांना घरात मताधिकार नाही. त्याला कारण त्यांचा कोट. हा जाड लोकरी कोट हिरवा आहे असं ते गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत. हिरवा म्हणून मागितला, हिरवा म्हणून दुकानदाराने दिला, असं त्यांचं म्हणणं. कोट तपकिरी होता. काकूंना तपकिरी दिसायचा, लेकीला तपकिरी दिसायचा, इस्त्रीवाल्यालाही तपकिरीच दिसायचा. तेव्हापासून घड्याळजींना टोमॅटो आणायला पाठवतानासुद्धा 'पिकलेले आणा' एवढंच सांगतात, 'लाल बघून आणा' म्हणत नाहीत.

थोड्या वेळाने घड्याळजींनी मान वर केली. काकू स्टुलावरून त्यांच्याकडे बघत होत्या. डोळे अर्धवट मिटलेले होते.

"नाही," घड्याळजी म्हणाले.

"मी काही बोलले का?"

"बोलायच्या आत सांगतोय. हा अंगावरचा आहे."

"कोटच मागतेय हो, कातडं नाही."

"थंडीत मला दोन्ही सारखंच. आणि हा हिरवा आहे. हिरव्याचा कुत्रा करणार का?"

"हिरवा आहे ना? मग भिता कशाला? इथे खिडकीशी उभे राहा. हिरवा ठरला तर कोट तुमचा, पुन्हा विषय काढणार नाही. तपकिरी ठरला तर माझा."

घड्याळजी इतकी वर्षं याच न्यायाची वाट बघत होते. ते तडक उठून उजेडात उभे राहिले. तुलना नीट व्हावी म्हणून लेकीने साहेबांना उचलून त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी ओळखीच्या कोटावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले.

काकूंनीही डोळे बारीक केले. मग स्टूल एक पाऊल मागे घेतलं आणि पुन्हा चढल्या.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "साहेब कुठे संपतात आणि हे कुठे सुरू होतात, तेच कळत नाहीये."

दोन विरुद्ध शून्य मतांनी कोट तपकिरी ठरला.

मोठं पातेलं चढलं. उकळत्या साबणाच्या पाण्यात काकूंनी कोट सोडला आणि लाटण्याने ढवळू लागल्या. साहेब स्वयंपाकघराच्या दारात बसून होते, डोळ्यांची पापणी लवू न देता. थोड्या वेळाने पाण्यावर काहीतरी तरंगू लागलं. काकूंनी ते चहाच्या गाळणीने काढलं. पुन्हा आलं, पुन्हा काढलं. गाळणी कायमची बाद झाली आणि ओट्यावर मांजराच्या पिल्लाएवढा एक तपकिरी गोळा जमला.

मग त्यांनी कोट वर उचलला. तो बाटलीसारखा हिरवागार होता.

घड्याळजी दारात येऊन उभे राहिले. त्यांनी कोटाकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि अगदी शांतपणे एकच शब्द उच्चारला. "हिरवा."

"गरम पाण्याने बदलला," काकू म्हणाल्या.

"आई, हे साहेबांचे केस आहेत," लेक गोळा चिमटीत धरून म्हणाली. "दिवसा बाबा कोट घालतात, रात्री खुर्चीवर टाकतात, आणि त्यावर साहेब झोपतात. म्हणजे आपण मघाशी साहेबांना साहेबांशीच जुळवून बघत होतो."

कोट हिरवा निघाला होता, तेव्हा ठरल्याप्रमाणे काकूंनी तो वाळवून परत केला. शब्दाला त्या पक्क्या. घड्याळजींनी बाही चढवली. ती कोपरापर्यंत गेली आणि थांबली. कोट आटून घट्ट झाला होता, म्हणजे काकूंच्या दृष्टीने एकदम उत्तम झाला होता. घड्याळजींनी तो काढून कात्रीशेजारी ठेवला.

"घ्या," ते म्हणाले. "आता फार तर साहेबांना होईल."

दुसरा तपकिरी घरात नव्हता आणि हाताशी वेळ नव्हता. काकूंनी कांद्याच्या सालीत एक पट्टी रंगवून बघितली, तिचं शेवाळ झालं. शेवटी त्यांनी आकडा उचलला.

"हिरवा कुत्रा?" लेकीने विचारलं.

"आधी कुत्रा तर होऊ दे."

आणि कुत्रा झाला. त्या एका कोटात चार हिरवे निघाले: खांद्यांवरचा उडालेला, कोपरांवरचा चकाकणारा, कॉलरखालचा गडद आणि खिशाच्या आतला नवाकोरा. काकूंनी पाठ उजळ केली, पोट सावलीत ठेवलं, कान कॉलरमधून काढले. नाक काळ्या मोज्याचं. जीभ लेकीच्या गुलाबी मफलरची, जो तिने गादीखाली लपवला होता आणि जो काकूंना सापडला. आजूबाजूला पांढुरकी शाल. ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवून गालिचा जमिनीवर पसरला आणि तिघंही आळीपाळीने स्टुलावर चढली.

लेक सर्वात शेवटी उतरली.

"कुत्राच आहे," लेक म्हणाली. "पण कोबीचा."

काकू खुर्चीत बसल्या. "मागच्या वर्षी बटाटा, यंदा कोबी. ताई म्हणतील, पुढच्या वर्षी वाटाणा आण, म्हणजे भाजी होईल." एवढ्या दिवसांची मेहनत वाया गेली होती आणि त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. "मी नाही नेणार."

"मला तर हिरवा कुत्रा आवडला," घड्याळजी म्हणाले. त्यांना मताधिकार अजूनही मिळाला नव्हता.

कोट गेल्यापासून साहेबांची झोप उडाली होती. रात्री ते घरभर फिरायचे, खुर्ची हुंगायचे आणि सुस्कारे टाकायचे. त्या संध्याकाळी ते गालिच्यापाशी आले, नाक टेकवलं आणि तिथेच गोल गोल फिरले. मग हिरव्या कुत्र्यावर, बरोबर पाठीवर पाठ आणि पोटावर पोट येईल असे, ते आडवे झाले. पांढुरक्या शालीवर त्यांनी पंजाही ठेवला नाही. काकूंनी एकदा उठवून बघितलं. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा गुरगुरून दाखवलं.

"झोपू दे," काकू म्हणाल्या. "निदान कोणाच्या तरी उपयोगी पडला."

प्रदर्शनाच्या सकाळी ताईंचा फोन आला. घड्याळजींनी तो कानापासून हातभर लांब धरला, तरी सगळ्यांना ऐकू आला.

"तिला म्हणावं, येतेयस ना? भाजीपाल्याचं टेबल तुझ्यासाठीच राखून ठेवलंय."

काकू उठल्या. बाहेरच्या खोलीत गेल्या, साहेबांना दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं आणि गालिचा खिडकीकडे ओढला. मग त्या तशाच उभ्या राहिल्या.

साहेबांचे केस गळण्याचा हंगाम होता. आठवडाभर ते जागचे हलले नव्हते आणि वेटोळ्यांमध्ये केस कोटापेक्षा बरे धरले जातात. गालिच्यावर तपकिरी कुत्रा होता. पाठ उजळ, पोट सावलीत, कान गडद, आणि अंगावर खरीखुरी लव.

"झटकून देऊ का?" घड्याळजींनी विचारलं.

"हात लावून तर बघा."

गुंडाळला तर केस जातील म्हणून नवरा-बायकोने तो दोन टोकांना धरून, सपाट, काचेचं तावदान न्यावं तसा रस्त्यातून नेला. कोट नसल्यामुळे घड्याळजींनी दोन स्वेटर घातले होते. साहेबांना घरी लेकीपाशी ठेवलं होतं, कारण हॉलच्या दारावर 'पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही' अशी पाटी होती. ती ताईंनीच आग्रहाने लावून घेतली होती.

ताई रुमाल आणि पेन घेऊन पहिल्या टेबलापासून निघाल्या. काकूंचं टेबल सर्वात शेवटी होतं. मातीची भांडी झाली, विणलेल्या टोप्या झाल्या. टोप्यांपाशी ताई थांबल्या, त्यांनी छताकडे बघितलं आणि एक शिंक दिली. मग दुसरी. तिसरीला एक टोपी खाली पडली.

"कुत्रा कोणी आणलाय आत?" त्यांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आयोजकांनी दारावरच्या माणसाला विचारलं, त्याने शपथ घेतली.

"मला सांगू नका. माझं नाक कधी चुकत नाही." ताईंनी नाकाला रुमाल लावला आणि वाकून टेबलांखाली बघत पुढे येऊ लागल्या. जसजशा पुढे आल्या तसतशा शिंका वाढल्या. शेवटच्या टेबलापाशी त्या सरळ उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, समोरचं धड दिसत नव्हतं.

"हा बघा," त्या गालिच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "हा बसलाय. कुत्रा. काढा याला बाहेर."

हॉलमध्ये जेवढे लोक होते तेवढ्या सगळ्यांनी ते ऐकलं.

काकूंनी साडीचा पदर सारखा केला. "बटाट्याने शिंका येतात का हो, ताई?" त्यांनी विचारलं.

नियम तो नियम. गालिचा हॉलबाहेर काढण्यात आला. पाळीव प्राणी म्हणून बाहेर घालवलेली ती प्रदर्शनातली पहिलीच वस्तू. काकू दिवसभर पायरीवर गालिच्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, कोणी न विचारताही, तो बाहेर का आहे हे सांगत राहिल्या. दूधवाल्याला दोनदा सांगितलं. दुपारी ताईंनी त्यांच्यासाठी बाहेर चहा पाठवला.

घरी परतताना घड्याळजींनी विषय काढला. "पण कोट हिरवा होता, हे तरी आता मान्य कराल."

काकूंनी हातातल्या गालिच्याकडे बघितलं. "यात कुठे दिसतोय तुम्हाला हिरवा?"

पुढच्या आठवड्यात घड्याळजींनी नवा कोट आणला. तो निळा आहे, असं त्यांचं म्हणणं आहे.