चिंचखार स्टेशनच्या सोयी

"एवढा मोठा ग्लास भरून मठ्ठा. मारायचंय का यांना आपल्याला?" जया माझ्या कानाशी पुटपुटली आणि समोरून महिपतशेठच्या सूनबाई आल्या तशी गोड हसून म्हणाली, "मस्त झालाय हं, भावना."

मग पाठ वळताच तिने ग्लास कुंडीत रिकामा केला. पाठोपाठ मीही. आमच्या स्टेशनवरच्या जास्वंदीला बारा महिने फुलं असतात. बागकामाचं बक्षीस स्टेशनमास्तरांना मिळतं, पण चहा, ताक, सरबत आमचं असतं.

त्या दिवशी चिंचखार स्टेशनचा वाढदिवस होता. घरच्या माणसांचे वाढदिवस विसरणारं आमचं गाव हा मात्र चुकवत नाही. फलाटावर मांडव, नावाच्या पाटीला झेंडूची माळ, आणि पासवाल्या बायकांत जी सगळ्यात जुनी तिच्या हातून पाटीची ओटी. खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतसर. पाटी मुळात पिवळी, त्यामुळे लावलेली हळद दिसत नाही, पण लावतात.

यंदा तो मान मालनमावशींचा होता. आणि शेवटचाही, कारण एक तारखेपासून मावशी काम सोडणार होत्या. ठाण्याला वागळे इस्टेटीत त्या बाटल्यांना लेबलं लावतात. नव्या मुली त्यांना मॅडम म्हणतात. घरी त्यांना "आई, चहा टाक" म्हणतात. काम सोडायची त्यांना अजिबात हौस नव्हती.

"गुडघे गं," त्या सांगायच्या.

"हो ना, गुडघे फार वाईट," आम्हीही म्हणायचो.

त्यांना साखर आहे हे सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या म्हटलंय, आणि त्या दुपारनंतर घोटभरही पीत नाहीत, हेही माहीत होतं. कंपनीतून निघाल्यावर घर गाठेपर्यंत दोन तास. ठाण्याला बायकांच्या 'त्या' रांगेत उभं राहावं तर आमची गाडी सुटते, आणि पुढच्या दोन गाड्या चिंचखारला ओळखतच नाहीत. एवढ्यात दोनदा त्यांना सलाइन लागलं. दुसऱ्या वेळी मुलगा, सर्वेश, म्हणाला, बस झालं आता. गुडघ्याला सलाइन का लावतात, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.

इकडे प्रमुख पाहुण्यांची गाडी लेट होती, म्हणून प्रवासी संघाच्या शौनकने स्टेशनचा इतिहास वाचायला घेतला. आधी इथे मिठागर, मग भातशेती, मग रूळ, मग आंदोलन...

"आमचे बापाचे शेतान हा ठेसन उभा ऱ्हायला," महिपतशेठ खुर्चीतून म्हणाले. दरवर्षी याच ठिकाणी म्हणतात. शौनकने त्यासाठी जागा सोडलेली असते.

मग सोयी. तिकीटखिडकी एक. पंखे भरपूर, त्यातले फिरणारे मोजके. सरकता जिना मंजूर, म्हणजे कागदावर सरकतोय. "आणि गेल्या वर्षीपासून," इथे शौनक थोडा अडखळला, "महिलांसाठी, आपली ती, स्वतंत्र सोय."

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी फलाटाच्या टोकाला असलेल्या निळ्या दाराकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. गेल्या वाढदिवसाला त्याची फीत कापली आणि त्याच संध्याकाळी त्याला कुलूप लागलं. फितीचा तुकडा अजून कडीला आहे. वापरलं तर घाण होईल आणि साहेब पाहणीला आले तर काय दाखवायचं, असा मास्तरांचा सरळ हिशोब. चावी त्यांच्याकडे, मागितली तर देतीलही. पण मागायची म्हणजे तिकीटखिडकीतून, तिथे बसणाऱ्या तरण्या माणसासमोर तो शब्द उच्चारायचा. जया एकदा गेलेली, ती वेळापत्रक विचारून आली. मी गेलेले तेव्हा खिशात पास असताना शहाडचं तिकीट काढून आले.

मावशींनी ओटी भरली. मग भावना त्यांच्यासमोर ग्लास घेऊन उभी राहिली. "आज तुमचा मान मावशी, पूर्ण संपवायचा," आणि संपेपर्यंत हलली नाही. आगरी घरचा आग्रह, मरेस्तोवर करतात. पहिला संपला, दुसरा आला. आसपास कुंडी नव्हती.

पाहुण्यांची गाडी अजून लेट होती. शौनक वेळ काढत होता. मावशी पाय जुळवून, पदर मुठीत धरून बसलेल्या. कपाळावर घाम. "गुडघे दुखतायत का?" जयाने विचारलं आणि विचारल्यावर स्वतःच खाली बघितलं.

"आता मालनमावशी आपल्या लाडक्या स्टेशनबद्दल दोन शब्द बोलतील," शौनक म्हणाला. "गुडघ्यांच्या त्रासामुळे मावशी निवृत्त होतायत. आपण बसूनच बोला, मावशी."

मावशी उठल्या. बाई चांगली ताठ उभी राहिली. माइक हातात घेऊन त्या आधी महिपतशेठकडे, मग निळ्या दाराकडे आणि शेवटी पहिल्या रांगेतल्या मास्तरांकडे बघत राहिल्या. माइकमधून त्यांचा श्वास फलाटभर ऐकू येत होता.

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "मास्तर, मला लघवीला जायचंय. चावी द्या."