टीबी सोडून काहीही

चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या रंगरावांना मुलीच्या मानेतल्या गाठी डोळ्यांनी नव्हे, टेपने सापडल्या. लग्नाच्या ब्लाऊजचं माप घेताना गळा अर्ध्या इंचाने वाढलेला निघाला, आणि वनजाच्या अंगात महिनाभर बारीक ताप होताच. हा टीबी, दुसरं काय? हुणसूरच्या होणाऱ्या व्याह्यांना कळलं तर सोयरीक मोडलीच म्हणून समजा. मग या शहाण्या माणसाने काय करावं? डॉक्टर गाठायच्या आधी पोरीला बंद गळ्याचे, लांब बाह्यांचे सहा ब्लाऊज शिवून दिले, तेही ऐन चैत्रात. कुणी विचारलं तर म्हणायचे, "काय नाही हो, सुम्ने, उगीच आपलं. नवी फॅशन."

ताप हटेना तेव्हा डॉक्टर सदाशिवरावांकडे जावंच लागलं. कानडी मुलखात तेही घरी मराठी बोलणारे, म्हणून गुपित बाहेर फुटणार नाही असा रंगरावांचा भाबडा समज. डॉक्टरांनी एक गाठ काढून तपासायला पाठवली. आठ दिवस रंगराव विठोबाकडे एकच मागत होते, टीबी सोडून काहीही दे.

विठोबाने ऐकलं. "टीबी नाही," डॉक्टर म्हणाले. "किकुची म्हणतात याला, जपानी नाव. गाठींची सूज. फार क्वचित होते, आणि आपोआप जाते."

रंगरावांना आभाळ ठेंगणं झालं. जपानी नावाचा आजार, अख्ख्या गल्लीत कुणाला नाही! ते हुणसूरला फोन लावायला उठलेच.

"स्वल्प बसा," डॉक्टर म्हणाले. "कधीकधी याच्यामागे दुसरंच काही असतं, म्हणून रक्तही तपासलं. हिचे गाल असे लाल कधीपासून?"

"लग्न ठरल्यापासून. लाजते हो पोरगी."

"मी लाजत नव्हते, बाबा," वनजा म्हणाली. "उन्हात गेलं की चेहरा जळतो. बोटं पण दुखतात. सांगितलं होतं तुम्हाला, तुम्ही ब्लाऊजची काजं करत होता."

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. "ल्युपस आहे. शरीर स्वतःवरच उलटतं. औषधाने ताब्यात राहील, संसारही होईल, पण गोळ्या जन्मभर. हुणसूरला लपवून चालायचं नाही."

रंगराव परत खुर्चीत बसले. पोरीकडे बघायचा धीर त्यांना होईना.

"टीबी किती दिवसांत बरा होतो, सर?" त्यांनी विचारलं.

"साधारण सहा महिन्यांत."

रंगरावांनी हात जोडले. "मग परत एकदा बघा ना. तोच असेल."