शेठचं रक्त

श्रीकृष्णशेठ टोपी घालायला लागले तेव्हा सगळ्या जव्हारला वाटलं, शेठ केसांचं काहीतरी करून घेतायत. तसं त्यांनीच पसरवलं होतं. एक रविवार आड नाशिकहून डॉक्टर तन्मय येतो, मोबाइलच्या दुकानावरच्या माडीवर बसतो, माणसाचंच रक्त काढून यंत्रात गरगर फिरवतो, वर आलेलं पिवळं पाणी डोक्यात टोचतो आणि टक्कल भरून निघतं, असं ते ज्याला त्याला सांगत. मग सिमेंट-पत्र्याच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी शेठच्या डोक्याकडे बघायचं आणि नंतर भाव विचारायचं. डोकं होतं तसंच तुळतुळीत राहिलं. म्हणून टोपी आली.

वनमालाला, म्हणजे शेठच्या बायकोला, ही केसांची गोष्ट पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. डोक्यात टोचून घेतलेला माणूस घरी येऊन पाय फाकवून चालत नाही, आणि खुर्चीत बसताना कच्चं अंडं ठेवावं तसा स्वतःला ठेवत नाही. शिवाय शेठ न्हाणीघरात मोबाइल घेऊन जात आणि त्यातली बाई ठणठणीत आवाजात सांगत असे, 'गमावलेली पुरुषी ताकद आता आपल्याच रक्तातून.' बाहेर भांडी घासता घासता वनमालाने ते इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला पुढचा मजकूर पाठ झाला होता.

दिवाळीनंतर एकदा शेठ तिच्या खोलीत आले होते. चार वर्षांत पहिल्यांदाच. आले ते एक शब्द न बोलता, आणि गोदामात माल मोजायला यावं तशा चेहऱ्याने. काही झालं नाही. मग पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "हे तुझ्यामुळे होतं." वनमालाने त्यांना तांब्याभर पाणी दिलं. ते पिऊन ते निघून गेले.

चार वर्षांचं कारण असं, की तेव्हा नाशिकला तिची गर्भपिशवी काढली होती. बरी होऊन ती घरी आली, कामाला लागली, आणि एका दुपारी शेठ जेवता जेवता म्हणाले, "आता काय उरलंय तुझ्यात?" भाजीत मीठ कमी आहे म्हणावं त्या आवाजात. त्यांना त्यातलं आज एक अक्षर आठवत नसणार. वनमालाने त्या दिवशी आपलं अंथरूण मागच्या खोलीत नेलं आणि तिथे तिला छान झोप लागायला लागली.

पण तिच्या मनातून नवरा उतरला तो त्याच्याही आधी, दवाखान्यातच. ऑपरेशनमध्ये रक्त फार गेलं. तिच्या गटाची बाटली मिळेना. नर्स बाहेर येऊन म्हणाली, नातेवाइकांपैकी कोणाचं जुळतं का बघू या. शेठने तपासूनसुद्धा घेतलं नाही. त्यांचं एक जुनं शास्त्र होतं. बाईचं रक्त परत भरून येतं, पुरुषाचं गेलं की गेलं, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही जातं. ते चहा प्यायला म्हणून जे खाली उतरले ते बाटली चढल्यावरच वर आले. दवाखान्याने सोय केली, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि त्यांना स्वतःलाही तसंच वाटत होतं.

सोय केली होती तुळशीदासने. तुळशीदास जवळच्या पोशेरे गावचा, शेठच्या दुकानात गोणी उतरवणारा. सामान उचलायला म्हणून त्याला जीपमधून बरोबर आणलं होतं. नर्सने विचारलं तेव्हा तो जिन्यापाशी पिशव्या सांभाळत बसला होता. त्याने हात पुढे केला, रक्त जुळलं. वनमालाला हे नर्सकडून कळलं. घरी आल्यावर तिने त्याला विचारलं तर तो म्हणाला, "शेठला नका सांगू, वयनी. वीकनेस आला म्हणतील न हजेरी कापतील." म्हणून ती गप्प राहिली. तिचं गप्प राहणं शेठच्या कसं पथ्यावर पडलं होतं, हे तिला टोपी बघितल्यावर कळलं. बायकोसाठी ज्या माणसाच्या अंगातून थेंब निघाला नाही, तो आता दर खेपेला बाही वर करून नळ्याच्या नळ्या काढून देत होता, तेही स्वतःलाच परत टोचून घ्यायला. तिला त्याची किळस आली, आणि ती आली याचं वाईटही वाटलं नाही.

सुया टोचून टोचून गुण येईना, तेव्हा डॉक्टर तन्मयने शेठला समजावलं की अडचण कधीकधी समोरच्या बाजूला असते. बायकांसाठीही हीच ट्रीटमेंट आहे, जोडीने घेतली तर उत्तम. शेठना हे फार आवडलं. खोट आपल्यात नाही, असं शिकलेल्या माणसाने सांगितल्यावर कोणाला आवडणार नाही. घरी येऊन ते वनमालाला म्हणाले, "येत्या रविवारी चल बरोबर. डॉक्टर शुगर चांगली बघतात."

"माझ्या शुगरची काळजी कधीपासून?"

"वय झालं आता. चल म्हटलं की चलावं."

वनमाला गेली. माडीवर दोन खुर्च्या, एक बाक, आणि मधे प्लायवूड घालून केलेली आतली खोली. बाकावर भारतीबाई बसल्या होत्या, शाळेतल्या. त्यांचे केस खरोखरच गळत होते आणि त्या खरोखरच केसांसाठी आल्या होत्या. शेजारी आणखी तिघे-चौघे भिंतीकडे बघत बसले होते. भारतीबाई वनमालाच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "शेठना काही फरक?" वनमाला म्हणाली, "टोपी नवीन घेतलीय."

आत मीना नावाच्या मुलीने तिच्या दंडाला रबर बांधलं आणि रक्त काढायला घेतलं. एक नळी भरली, दुसरी भरली. वनमालाला नवल वाटलं. सरकारी दवाखान्यात शुगर बघताना बोटाला टोचतात, थेंबभर घेतात. मीनाने नळ्या यंत्रात ठेवल्या, झाकण लावलं, यंत्र घरघरायला लागलं. मग तिने टेबलावर हिरवी चादर अंथरली आणि म्हणाली, "ताई, साडी सोडून यावर झोपा. पाय वर घ्यायचे."

"शुगरला?"

मीनाने डॉक्टरकडे बघितलं, डॉक्टरने शेठकडे, आणि शेठने यंत्राकडे.

डॉक्टर तन्मय गोरागोमटा, इस्त्रीचा, बोलायला गोड. खुर्ची ओढून तो वनमालासमोर बसला आणि तिला सोडून शेठना विचारायला लागला. "मॅडमची तक्रार कधीपासून आहे?"

"ऑपरेशन झाल्यापासून," शेठ म्हणाले.

"इच्छा कमी? की त्रास होतो?"

"इच्छाच नाही. थंड."

वनमाला खुर्चीत बसून दंडावरचा कापूस दाबत हे ऐकत होती. दुकानात एखादी तडकलेली टाकी परत करायला आणावी, आणि शेठने ती कंपनीच्या माणसाला दाखवावी, तसं तिच्याबद्दल चाललं होतं. तिला रडू यायला पाहिजे होतं, पण तिला हसू येत होतं, आणि त्या हसण्याचीच तिला जरा भीती वाटली.

"काही घाबरू नका, मॅडम," डॉक्टर आता तिच्याकडे वळला. "बाहेरचं औषध नाही. तुमच्याच रक्तातलं पाणी, तुमच्याच नाजूक जागी. सुन्न करून टोचतो. पुन्हा उमेद येते."

"यांना आली?"

"रिझल्ट प्रत्येकाचा वेगळा असतो."

"कोणाला तरी आली?"

"अजून अभ्यास चालू आहेत," डॉक्टर जरा हळू म्हणाला.

"म्हणजे आमच्यावर चालू आहेत."

"वनमाला," शेठ म्हणाले, "डॉक्टरांचा वेळ घेऊ नको. झोप त्यावर. मी काय परका आहे का?"

यंत्र थांबलं. मीनाने नळी काढून उजेडात धरली. खाली लाल, वर पिवळसर. वनमालाने हात पुढे केला आणि ती तिच्याकडून घेतली, इतक्या सहज, की मीनाने दिली.

"डॉक्टर, तुम्ही विचारलंत ना तक्रार काय. यांनी चुकीची सांगितली. मला काही झालेलं नाही. मी ज्या माणसाबरोबर निजावं असं यांना वाटतं, तो माणूस मी दवाखान्यात मरायला टेकले होते तेव्हा चहा प्यायला गेला होता. रक्त द्यावं लागेल म्हणून. ताकद जाईल म्हणून. घरी आल्यावर मला म्हणाला, आता काय उरलंय तुझ्यात. माझी इच्छा गेली नाही. यांच्यावरून गेली."

प्लायवूडच्या पलीकडे बाक करकरला.

"रक्ताची सोय दवाखान्याने केली होती," शेठ म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तुळशीदासने दिलं. पोशेऱ्याच्या तुळशीदासने. तुम्ही ज्याचा चहाचा पेला खिळ्याला वेगळा टांगून ठेवता, त्याचं रक्त माझ्या अंगात आहे."

शेठनी एकदम नळीकडे बघितलं. डॉक्टर घाईघाईने म्हणाला, तसं नसतं मॅडम, बाहेरचं रक्त काही महिन्यांनी अंगात राहत नाही.

"माझ्या राहिलंय," वनमाला म्हणाली. तिने नळी शेठच्या हातात दिली. "घ्या. हे यांनाच टोचा, डॉक्टर. यांचं स्वतःचं टोचून काही होत नाही, ते चार खेपा बघितलंत. यात तुळशीदास आहे, कदाचित गुण येईल."

ती बाहेर आली. भिंतीकडे बघणारे सगळे आता शेठच्या आयुष्यभराच्या गिऱ्हाइकांसारखे दिसत होते, आणि होतेही. भारतीबाईंनी तिच्यासाठी बाकावर जागा केली, पण ती बसली नाही. बाजारातून तिने तांदळाच्या पापड्या घेतल्या आणि घरी जाऊन तळून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंटचा ट्रक लागला. वनमाला शेठचा चहा घेऊन दुकानात आली तेव्हा तुळशीदास डोक्यावर गोणपाट बांधत होता आणि शेठ त्याच्यापाशी उभे होते. शेठ इतक्या जवळ गड्यापाशी कधी उभे राहत नसत. टोपी आज नव्हती. ती घालून आता उपयोग नव्हता.

"तुळशीदास," शेठ खालच्या आवाजात विचारत होते, "तेव्हा रक्त दिल्यावर तुला... काही कमी झाल्यासारखं? घरी वगैरे?"

म्हणजे रात्रभर विचार करून शेठ इथवर आले होते. वनमाला पत्र्यांच्या थप्पीआड थांबली.

तुळशीदासला प्रश्नातलं घर कळलं नाही. रक्ताचं शेठना कळलं, एवढंच त्याला कळलं, आणि तो घाबरला. "नाय शेठ. कमी नाय काय. चक्कर आलती जरा. मी तुमाला म्हनलो व्हतो ना, उद्याची सुट्टी द्या. तुमी म्हनला, ट्रक लागलाय, कोन उतरवल. मंग उतरवला. काय कमी नाय केला मी."

हे वनमालाला ठाऊक नव्हतं. ती तेव्हा नाशिकला खाटेवर पडून होती, अंगात त्याचं रक्त घेऊन, आणि इथे तो ट्रक उतरवत होता. ती पत्र्यांमागून बाहेर आली. शेठचा कप तिने तुळशीदासच्या हातात दिला. तो घेईना, तेव्हा त्याची बोटं धरून कपावर ठेवली.

"चहा पी आणि घरी जा. आज सुट्टी. हजेरी पडेल."

"अगं, ट्रक उभा आहे," शेठ म्हणाले. "गोणी कोण उतरवणार?"

वनमालाने तुळशीदासच्या डोक्यावरचं गोणपाट सोडवलं, झटकलं आणि शेठच्या तुळतुळीत डोक्यावर ठेवलं.

"तुम्ही. एवढं टोचून घेतलंय, बघू तरी ताकद."