सतरा नंबरची काठी

पिवळी फीत. चार वर्षं न चाखलेल्या अंड्याची चव. सरळ रेषेत उमटलेले कोल्ह्याचे पाय. कागदावरचे तीन रकाने. बारा पावलं.

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची काठी आहे. माझ्या डोक्याला पिवळी फीत आणि अंगावर सतरा हा आकडा आहे. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथं नुसती दलदल आणि तळी, झाड औषधालाही नाही, तिथं मी कामाला लागले. रानहंसाच्या घरट्यापासून बारा पावलांवर उभं राहायचं, म्हणजे मोजणीवाल्यांना ते पुन्हा सापडेल. निम्म्या घरट्यांतून पिल्लं निघाली, तर हंस कमी झाले म्हणून चार वर्षं गावावर असलेली अंडी गोळा करण्याची बंदी उठणार होती.

मला रोवलं ओलिंकानं. ती याच गावची, मोजणीच्या कामावर लागलेली. तिची मावशी नास्तासिया होडीतून बघत होती.

"हे काय खुपसतेस गं?"

"खूण, मावशी. नाहीतर घरटं सापडायचं कसं?"

"हंसिणीला सापडतं की!"

"मोजल्याशिवाय बंदी नाही उठायची."

"मोज बाई. दोन दात उरलेत, तेवढे पडायच्या आत मोजून घे."

दोघी हसल्या. मोजणीचे मोठे साहेब आले, आम्हा चाळीस काठ्यांकडे बघून म्हणाले, "छान काम." त्या दिवशी मी वाऱ्यात ताठ उभी राहिले.

पाच दिवसांनी ओलिंका मोजायला आली. हंसीण दचकून उडाली. अंड्यांवर पिसं ओढून घ्यायलाही तिला सवड मिळाली नाही. ओलिंका गेली आणि कोल्हा आला. थेट माझ्याकडे. माझ्यावर मुतला, बारा पावलं चालला. मग अठरा नंबरकडे वळला.

पुढच्या खेपेला मावशी सोबत होती. घरट्यात टरफलं. ती चिखलातले ठसे बघत राहिली.

"काठी ते काठी गेलाय बघ. आम्ही हात आवरून बसलो, आणि तुम्ही त्याला पंगत वाढलीत!"

"मावशी, मला काय ठाऊक..."

"तुझी आजी दोन अंडी उचलायची, बाकीची झाकायची. त्या घरट्याकडे पुन्हा फिरकायची नाही."

ओलिंकाच्या कागदावर घरटं कशानं मोडलं याचे तीन रकाने होते: कोल्हा, पूर, माणूस. काठीला रकाना नव्हता. तिनं माझ्याबद्दल कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं. कोपरा कुणी वाचला नाही. हिवाळ्यात पत्र आलं: चाळीसपैकी अकरा घरटी वाचली, गावाची बंदी आणखी तीन वर्षं. बर्फ वितळल्यावर नव्या काठ्या आल्या, लाल फितीच्या.

मावशीनं मला उपटून घरी आणलं. तिच्या धुराच्या खोपटात आता माझ्यावर मासे वाळतात. तिचे ते दोन दातही गेले.

मित्रांनो, कुणाच्या काळजीनं त्याच्या दाराशी जाल, तेव्हा एकदा मागं वळून बघा, तुमच्या वाटेनं कोण येतंय.

मला रोवलं त्या दिवशी घरट्यात पाच अंडी होती. ओलिंकानं हात लावून पाहिलं. ती गरम होती.