पाण्याच्या दिवशी उडणारा मासा

गारखेड्याच्या त्या गल्लीत एवढी गर्दी लग्नातसुद्धा होत नसे. वच्छलाबाईंच्या दारात चपलांचा ढीग पडला होता, खिडकीच्या गजांना पोरं लटकली होती, आणि आत बैठकीच्या खोलीत, ईशान्य कोपऱ्यात, काचेच्या पेटीत एक केशरी-पांढरा मासा फिरत होता. तो आज साक्ष देणार होता. कोर्टात ऐन वेळी पलटलेले साक्षीदार गल्लीनं पाहिले होते. मासा पलटतो का, ते पाहायला जो तो आला होता.

नानासाहेब मास्तर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. बिडकीनच्या शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, पण शिकवणं काही निवृत्त झालं नाही. रोज संध्याकाळी गल्लीतली पोरं त्यांच्या ओट्यावर जमायची आणि मास्तर भिंगातून मुंगी दाखवायचे, नाहीतर लिंबाच्या रसानं अदृश्य अक्षरं लिहायला लावायचे. आज पोरांनी सांगितलं की ओट्यावर नको, माशाकडं जाऊ. मास्तर म्हणाले, चला, तोही धडाच आहे.

या माशाची कुळकथा अशी. वच्छलाबाईंचा मुलगा बन्सी वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होता, पण काही केल्या कायम होत नव्हता. कुणीतरी वच्छलाबाईंना मीनेश्वर महाराजांकडं नेलं. महाराजांनी डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं की घरात मासा ठेवा. मात्र तो आमच्या दरबारातलाच हवा, बाजारातल्या माशाला घराची काळजी नसते. मासा आला. काही दिवसांनी तो सोफ्याखाली वाळलेला सापडला. वच्छलाबाई रडत महाराजांकडं गेल्या, तर महाराज उलट खूश झाले. बन्सीवर मोठा घाला येणार होता, तो माशानं अंगावर घेतला, असं त्यांनी सांगितलं. वच्छलाबाईंनी डोळे पुसले आणि दुसरा मासा घरी आणला.

दुसराही उडी मारून गेला. तो तर वच्छलाबाईंच्या चपलेतच सापडला.

या वेळी मात्र महाराज गंभीर झाले. एक मासा गेला तर संकट गेलं, दुसरा गेला म्हणजे संकट घरातच मुक्कामाला आहे, असा त्यांचा हिशोब. मुक्कामाला कोण, ते तिसरा मासा सांगेल. घरात माणसं तीनच: वच्छलाबाई, बन्सी, आणि फुलंब्रीहून याच वर्षी सून होऊन आलेली सुगंधा. तेव्हा मासा काय सांगणार, हे गल्लीला माशाच्या आधीच कळलं होतं.

साक्षीचा मुहूर्त काढताना महाराजांनी पंचांग उघडलं खरं, पण त्याआधी बन्सीला फोनवर एक गोष्ट विचारली होती: तुमच्या गल्लीत नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं? मुहूर्त नेमका त्याच दिवसाचा निघाला. बन्सीनं हे मोठ्या कौतुकानं मास्तरांना सांगितलं होतं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. काही खटकलं की ते चष्मा पुसत.

महाराज माशाच्या पेटीला खेटून बसले. रेशमी शाल, बोटाबोटाला खड्याची अंगठी, शेजारी घंटा घेतलेला एक शिष्य.

"आई, याला मासा समजू नका," महाराज सुरू झाले. "हा पाण्यातला कॅमेरा आहे. चोवीस घंटे चालू. घरात कोण कसं आहे, सगळं रेकॉर्डिंग याच्या पोटात. मी कोण? मी फक्त रिमोट."

खिडकीतून एका पोरानं विचारलं की महाराज, रिमोटला सेल कोणते लागतात. त्याच्या आईनं त्याला तिथल्या तिथं धपाटा घातला.

साक्ष सुरू झाली. ज्यानं त्यानं पाण्यावर तळहात धरायचा. निर्दोष असेल तर मासा शांत राहील, दोष असेल तर उडेल. वच्छलाबाईंनी हात धरला. मासा शांत. बन्सीनं धरला. मासा शांत. मग सुगंधा पुढं आली. तिनं हात धरताच शिष्यानं घणाघणा घंटा वाजवली, महाराजांनी मोठ्यानं हुंकार भरला, आणि मासा पाण्यातून जो सुटला तो थेट प्रसादाच्या पेढ्यांच्या ताटात येऊन पडला.

सगळ्या खोलीनं हात जोडले. माशाला पेढ्यांमध्ये तडफडताना पाहून एकट्या सुगंधानं हात जोडले नाहीत. तिनं तो ओंजळीत उचलला आणि पाण्यात सोडला.

महाराजांनी निकाल दिला. सुनेचा पायगुण या वास्तूला मानवत नाही. सव्वा वर्ष तिनं माहेरी राहावं, मग पुन्हा मासा आणू, पुन्हा विचारू.

बन्सी फरशीकडं बघत राहिला. वच्छलाबाई सुनेकडं न बघता म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीनं सोडून ये तिला, बन्सी. पोर वाईट नाय, पर माशानं सांगितलं तर आपण काय करावं?"

सुगंधा एवढंच म्हणाली, "सव्वा वर्षासाठी माहेरी धाडलेली बाई परत येते का, ते फुलंब्रीत कुणालाबी विचारा."

इतका वेळ मास्तरांना हसू येत होतं, ते गेलं. त्यांनी काही पाहिलं होतं. घंटा वाजली तेव्हा महाराजांचा डावा हात शालीआडून पेटीच्या मागच्या बाजूला गेला होता. तिथं त्या हातानं काय केलं, हे मात्र दिसलं नव्हतं. आणि न दिसलेली गोष्ट दिसली म्हणून सांगायची नाही, हे ते आयुष्यभर पोरांना शिकवत आले होते. तेव्हा आता उपाय एकच, प्रयोग पुन्हा करायचा.

ते पुढं झाले आणि अदबीनं म्हणाले की महाराज, बाहेरच्या निम्म्या लोकांना काहीच दिसलं नाही. एवढी मोठी गोष्ट, पुन्हा एकदा व्हावी.

"मास्तर, दैव म्हणजे टीव्हीवरची मालिका नाही, परत परत दाखवायला," महाराज म्हणाले.

पण गर्दी महाराजांचीच होती आणि तिनंच महाराजांना अडकवलं. मागचे लोक ओरडू लागले की आम्ही अजिंठ्याहून आलो, आम्हाला नुसती घंटा ऐकू आली. एकजण म्हणाला की माझा फोन ऐन वेळी बंद पडला. भक्तांना नाही म्हणणं महाराजांच्या धंद्यात बसत नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

मास्तरांनी दोनच गोष्टी मागितल्या. घंटा नको, म्हाताऱ्याचे कान दुखतात. आणि महाराजांनी पेटीसमोर, सगळ्यांना दर्शन होईल असं, हात जोडून बसावं. यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. महाराज उठून पुढं बसले. त्यांच्या रिकाम्या जागी मास्तरांनी दप्तरासकट आलेल्या सहावीतल्या सरूला बसवलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

"सुगंधा, धर बाई हात," मास्तर म्हणाले.

तिनं हात धरला. पाणी काठाला टेकलेलं, मासा आधीच बिथरलेला. तो आपल्या मनानंही उडू शकत होता, आणि उडाला असता तर त्या पोरीला मग कुणीच वाचवू शकलं नसतं. मासा वर आला. तिच्या तळहाताच्या सावलीत थांबला. तोंड उघडलं, मिटलं, आणि शेपटी हलवत खाली गेला.



"आता महाराज, आपणही धरा," मास्तर म्हणाले. "आपल्यात दोष कसला असणार? पण लोकांना धीर येईल."

महाराजांनी इकडंतिकडं पाहिलं. सगळे फोन त्यांच्यावर रोखलेले होते. त्यांनी हात धरला. सरूनं कंपासपेटीचा कोपरा मागच्या काचेवर खाडकन आपटला. मासा उसळला, महाराजांच्या शालीवर आदळला आणि शालीवरून घरंगळून त्यांच्या मांडीवर जाऊन बसला.

मास्तर शांतपणे म्हणाले, "आता महाराजांना कोणत्या माहेरी धाडायचं?"

आधी खिडकीतली पोरं हसली, मग बायका, मग सगळी गल्ली. सुगंधानं मासा उचलून पुन्हा पाण्यात सोडला. मास्तरांनी महाराजांच्या डाव्या हातातली जाड अंगठी सगळ्यांना दाखवायला सांगितली आणि घंटा कशाला लागते, ते समजावलं: काचेवरची टकटक झाकायला. माशाला पाण्यात तो ठोका अंगावर वीज पडल्यासारखा लागतो. तो जीव घेऊन पळतो, आणि पाणी काठोकाठ असलं की पळायला वाट एकच उरते, वर.

महाराज म्हणाले की जिथं श्रद्धा नाही तिथं माशाचा गोंधळ होतो. मग त्यांना एकाएकी कुणाचा तरी फोन आला, निदान त्यांनी तो कानाला लावला, आणि ते शिष्याला घेऊन चपलांच्या ढिगातून स्वतःच्या न शोधताच निघून गेले.

गर्दी पांगू लागली, पण वच्छलाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, आजचं समजलं. पर आधीचे दोन? तवा तर इथं महाराज नव्हते, अंगठी नव्हती, कायबी नव्हतं. ते का उडले?"

मास्तरांना हा प्रश्न फार आवडला. ते म्हणाले की आज या खोलीतला सगळ्यात चांगला प्रश्न वच्छलाबाईंनी विचारला. मग त्यांनी पोरांकडं पाहिलं. ते दोन मासे कधी गेले, कुणाला आठवतं?

आमच्या शहरात माणूस वार, तिथी विसरेल, पण नळाला पाणी कधी आलं होतं ते कुणी विसरत नाही. सरू म्हणाली की पहिला सापडला त्याच्या आदल्याच दिवशी गल्लीभर पाणी खेचायच्या मोटारी चालू होत्या. वच्छलाबाई हळूच म्हणाल्या की दुसराही पाण्याच्याच दिवशी गेला. चप्पल ओली असेल म्हणून झटकली, तर आत मासा.

"आणि आजही पाण्याचाच दिवस," मास्तर म्हणाले. "महाराजांना एवढं ठाऊक होतं, म्हणून आधी पाणी विचारलं, मग पंचांग. आता पाण्याच्या दिवशी या घरात काय होतं, ते सांगा."

काय होतं, ते गल्लीतल्या प्रत्येक घरात होत होतं. नळ आला की पिंप, घागरी, पातेली, कुकर, लेकरांच्या बाटल्या, सगळं भरायचं. वच्छलाबाईंचा तर हुकूमच होता की घरात एकही भांडं रिकामं दिसता कामा नये. सुगंधानं तो अक्षरशः पाळला होता. माशाची पेटीही तिनं भांड्यातच धरली आणि दर वेळी ताज्या पाण्यानं काठोकाठ भरली. नव्या पिंपाला झाकण नव्हतं, म्हणून पेटीचं झाकण काढून त्यावर ठेवायला लावलं होतं तेही सासूबाईंनीच.

मास्तरांनी पेटीतलं पाणी ओंजळीत घेऊन पोरांना हुंगायला दिलं. सगळ्यांनी नाकं मुरडली. पाण्यात औषध आहे, पोरं म्हणाली. मास्तर म्हणाले की जंतू मरावेत म्हणून ते घालावंच लागतं. आपल्या पोटाला ते चालतं, पण माशाचे कल्ले त्यानं भाजतात. डोळ्यांत मिरची गेल्यावर माणूस जसा सैरावैरा धावतो, तसा तो उसळतो. काठ जवळ, झाकण नाही, मग पडतो बाहेर. नाथसागरासारख्या मोठ्या धरणात हाच मासा उसळला तर परत पाण्यातच पडतो. इथं फरशी लागते.

मग पोरांनी मास्तरांच्या सांगण्यावरून कामाला हात घातला. पेटीतलं थोडं पाणी काढलं आणि आधीच्या दिवसांचं, घागरीत शिळं झालेलं पाणी बेताबेतानं घातलं. चार बोटं जागा मोकळी ठेवली, पिंपावरचं झाकण काढून पेटीवर बसवलं. नळाचं पाणी बादलीत उघडं ठेवायचं, दुसऱ्या दिवशी वास गेला की थोडं थोडं घालायचं, आणि सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, हे मास्तरांनी सुगंधाला नाही, बन्सीला पाठ करायला लावलं. मासा थोडा वेळ घिरट्या घालत राहिला आणि मग तळाशी जाऊन खडे चाळू लागला.

वच्छलाबाई सुनेपाशी गेल्या. पाणी भरायला मीच सांगितलं होतं गं, झाकणबी मीच काढायला लावलं, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. सुगंधानं ओले हात पदराला पुसले.

मग ती म्हणाली, "आत्याबाई, मासा बोलला म्हणून तुम्ही मला धाडायला निघालात. त्याच्याआधी एकदा मला तर विचारायचं."

मासा काय सांगणार हे ओळखून तिनं सकाळीच भरून ठेवलेली पिशवी पडवीत होती. बन्सीनं ती उचलून आत नेली, एवढंच काय ते उत्तर.

बाहेर पडल्यावर पोरं उड्या मारत होती. महाराजांची फजिती त्यांनी एव्हाना तीनदा करून दाखवली होती. मास्तरांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, बाळांनो, महाराजांना हसलात, चांगलं केलंत. पण असे आणखी येतील. एकाचा मासा बोलेल, दुसऱ्याचं लिंबू. त्यांची हातचलाखी दर वेळी पकडता येईलच असं नाही. तुम्ही फक्त एक करा. घरात काही वाईट झालं की लोक पहिल्यांदा माणूस शोधतात, आणि जो सगळ्यात नवा, सगळ्यात गरीब, ज्याच्या बाजूनं बोलायला कुणी नाही, तोच त्यांना सापडतो. तुम्ही माणूस शोधू नका.

"मासा उडाला," मास्तर म्हणाले, "तर आधी पाणी बघा."